गावलं का काय? सफोकमधले चार दिवस

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. आमच्या वाळवा तालुक्यात पायाळू माणसाबद्दल दोन गोष्टी ठाम असतात. त्याने पाय लावला की उसण भरलेली कंबर मोकळी होते, आणि जमिनीतलं गुप्तधन त्याला दिसतं. कंबरेसाठी लहानपणी मला गल्लीभर फिरवलं. बरं वाटलं की शेंगदाण्याचा लाडू मिळायचा, नाही वाटलं तरी मिळायचा. धनाच्या बाबतीत मात्र आजीने माझी परीक्षा होऊ दिली नाही. तसली चौकशी करणाऱ्याला ती ओसरीवरही टेकू देत नसे. तिचं बरोबरच होतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांची नोंद आहे, ती उगाच नाही आली.

ती राहून गेलेली परीक्षा पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला इंग्लंडात, रेडिंगमध्ये, मी स्वतःच द्यायची ठरवली आणि साडेतीनशे पौंडांचा मेटल डिटेक्टर घेतला. बायको म्हणाली, “यात थोडं सोनं तरी आलं असतं रे.” सोन्याचा भाव तिला पाठ असतो. तो तिने मला सांगितला नाही, एवढंच तिने माझ्यावर केलेलं उपकार.

भारतात हा छंद करायची सोय नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणं तर सरळ गुन्हाच. इंग्लंडमध्ये सरकारने संरक्षित केलेली ठिकाणं सोडली आणि जमीनमालकाने हो म्हटलं, तर तुम्ही खणू शकता. पण मालकाने हो म्हणायला हवं. मी वीस शेतकऱ्यांना हाताने पत्रं लिहिली. सतरांचं उत्तर नाही, दोघांचं ‘नको’, आणि एकाने कळवलं की रानात डुकरं सोडली आहेत, त्यांची हरकत नसेल तर माझी नाही.

शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे सासरे मदतीला आले. वय ७१, निवृत्त बसचालक, एकोणीस वर्षं हाच नाद, आणि इंग्लंडच्या पूर्वेकडल्या सफोक परगण्यातल्या एका शेतावर त्यांना कायमची परवानगी. ‘शनिवार-रविवार ये’ असा निरोप आला. मी गुरुवारीच निघालो.

गुरुवार

रेडिंगहून बरी सेंट एडमंड्स या गावापर्यंत सगळा मोठ्या रस्त्यांचा कंटाळा. तिथे ए-१४ रस्त्याच्या कडेला साखर कारखान्याच्या टाक्या दिसल्या आणि उगाच बरं वाटलं. इथली साखर बीटापासून होते. गावाकडे ऊस, इथे बीट, पण गळिताचा हंगाम दोन्हीकडे पावसाळा सरता सरताच. फक्त इथे पावसाळा सरत नाही.

तिथून आडवाटेने हॉक्सनला गेलो. या छंदातल्या माणसाची ही पंढरीच म्हणा. १६ नोव्हेंबर १९९२ ला इथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्याने ओळखीच्या एरिक लॉज यांना बोलावलं. त्यांच्याकडे डिटेक्टर होता. हातोडा शोधता शोधता त्यांना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागली. दोनेक पिशव्या भरल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. मला यातली ही थांबण्याची गोष्ट सगळ्यात अवघड वाटते. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले, त्यामुळे लाकडी पेटी कुठे होती, तिच्यात काय कसं रचलं होतं, हे सगळं कळलं. रोमन काळातली जवळजवळ १५ हजार नाणी आणि सुमारे २०० सोन्या-चांदीच्या वस्तू. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस ठरलं, ते लॉज यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या घबाडात मिरपूड शिंपडायच्या चांदीच्या चार डब्या होत्या, त्यातली एक दागिन्यांनी मढलेल्या बाईच्या अर्धपुतळ्यासारखी. मिरी अर्थात मलबारकडून जहाजाने गेलेली. सोनं पुरणाऱ्याने मिरीच्या डब्याही सोबत पुराव्यात, इतकी ती महाग होती.

गावात गोल्डब्रुक नावाचा छोटा पूल आहे. इथला जुना राजा एडमंड शत्रूपासून लपून या पुलाखाली बसला होता आणि त्याच्या टाचांना लावलेल्या, घोड्याला टोचायच्या सोन्याच्या आऱ्या पाण्यात चमकल्यामुळे एका नवविवाहित जोडप्याने त्याला पकडून दिला, अशी दंतकथा आहे. मरताना त्याने शाप दिला म्हणून पुढे नवरा-नवरी या पुलावरून जाईनात. मी पुलावर उभा राहून खाली बघितलं. पाणी, पानं, आणि पुढे नांगरलेली रानं. यंत्र गाडीच्या डिकीत होतं, तिथेच राहिलं. दुसऱ्याच्या रानाकडे नुसतं बघितलं तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

साडेचारला आईचा फोन. तिकडे नऊ वाजलेले, तिची झोपायची वेळ.

“गावलं का काय?”

“आई, आजून सुरुवात नाही केली.”

“मग काय करतुयास?”

शुक्रवार

फेलिक्सस्टोचा किनारा. ज्यांच्या ताब्यात तो पट्टा आहे त्यांची परवानगी आधीच मागून ठेवली होती. सुट्टीतले लोक अंगठ्या पाडतात, वाळू मऊ, खड्डा आपोआप बुजतो. नवशिक्याने किनाऱ्यापासून सुरू करावं असं सगळे सांगतात. सगळे एक गोष्ट सांगत नाहीत. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू वीज वाहते, आणि माझ्यासारख्या एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्राला ती धातूच वाटते. ओल्या पट्ट्यात पाऊल टाकलं आणि यंत्राने जे किंचाळायला सुरुवात केली, की एक कुत्रा मालकिणीच्या हातातून पट्टा सोडवून पळाला.

कोरड्या वाळूत आलो. इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझं दुःख समजेल. दांड्याच्या टोकाला तबकडी असते, तिच्यात तारेची वेटोळी. एक वेटोळं जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह फिरू लागतात, ते उलट स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. ऐकायला किती उशीर झाला यावरून यंत्र एक आकडा दाखवतं. लोखंड खाली, चांदी-तांबं वर. आणि मधल्या पट्टीत, एकाच आकड्यावर, शेजारीशेजारी नांदतात सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याचं ओढायचं कडं.

माझ्या यंत्रावर हा आकडा पन्नासच्या आसपास येतो. पहिल्यांदा ‘५२’ दिसलं तेव्हा घसा कोरडा पडला. गुडघ्यावर बसून हाताने वाळू उपसली. कडं. दुसऱ्यांदा कडं. पाचव्यांदा कडं निघालं तेव्हा मी स्वतःलाच समजावलं की आता संभाव्यतेच्या नियमाने अंगठी जवळ आली. मी गणितात पदवी घेतलेला माणूस आहे आणि हे मी खरंच मनातल्या मनात म्हणालो. चौदा कडी. सांगली-कराड रस्त्यावरच्या रसवंतीत एका दिवसात जेवढ्या माशा बसतील तेवढ्या वेळा मी त्या किनाऱ्यावर बसलो-उठलो.

बाकी हिशेब असा: तंबूचा एक खुंटा, चाक नसलेली खेळण्यातली गाडी, एक चमचा, आणि एक पौंड त्र्याऐंशी पेन्स. १९९२ पासूनची पेनीची नाणी पोलादाची असतात, वर नुसता तांब्याचा मुलामा. समुद्राने मुलामा खाल्ला की आतलं पोलाद बिस्किटासारखं फुगतं. दोन तर बोटात चुरली. पार्किंगला पाच पौंड गेले होते.

आईला सांगितलं, पैसे सापडले. “कितीचं?” मी रुपयात करून सांगितलं, जरा बरं वाटावं म्हणून. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आणि त्येल किती जळलं?”

शनिवार

फ्रॅम्लिंगहॅमपासून थोडं पुढे शेत. गहू निघून गेलेला, बुडखे बोटभर उभे, माती ओलसर. आजोबा (मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडावर ‘मिस्टर’ लावतो) आधीच येऊन थर्मासमधला चहा पीत होते. डोक्याला लोकरी टोपी, कमरेला दोन खिशांची पिशवी. एक खिसा कचऱ्याचा, एक मालाचा. कचऱ्याचा जास्त झिजलेला होता.

त्यांनी मला पाच मिनिटं चालू दिलं, मग हात वर केला. माझी तबकडी दोन्ही टोकांना वर उचलली जात होती, झोपाळ्यासारखी. “कडेला वर गेलास की कडेचं सगळं गेलं. सपाट ठेव. आणि आधीच्या फेऱ्यावर अर्धा फेरा चढव.” त्यांनी करून दाखवलं आणि मला एकदम आईचा हात दिसला. सारवताना ती अशीच बसायची. तळवा जमिनीला टेकलेला, खांद्यापासून अर्धगोल, प्रत्येक बोटाची रेघ आधीच्या रेघेवर थोडी चढलेली, आणि ती स्वतः एकेक पाऊल मागे. मी पुढे जात सारवायला लागलो. दहा मिनिटांत खांदा भरून आला, पण आवाज दुप्पट येऊ लागले.

निघालं ते असं. घोड्याच्या नालाचे खिळे. शिशाचे गोळे, त्यातला एक बंदुकीचा. छऱ्याच्या काडतुसांची पितळी बुडं, मोजायची सोडून दिली. डब्यांच्या पत्र्याच्या, नांगराने चिरलेल्या फिती. त्या दर आवाजाला वेगवेगळा आकडा दाखवतात आणि दर आकड्याला वेगळी आशा. एक बोटभर लांब पितळी नळी निघाली तेव्हा मी धावत आजोबांकडे नेली. त्यांनी बूड अंगठ्याने पुसलं; ‘४३’ असे आकडे. दुसऱ्या महायुद्धात सफोकभर अमेरिकन बॉम्बर विमानांचे तळ होते, त्यांच्या मशिनगनच्या गोळीचं हे रिकामं आवरण. १९४३ सालचं. “आकाशातून पडलंय,” ते म्हणाले, आणि माझ्या मालाच्या खिशात टाकलं. त्या खिशात पडलेली ती पहिली वस्तू.

आता ती गोष्ट, जी मी अजून बायकोला नीट सांगितलेली नाही. कुंपणाजवळच्या एका जागी माझ्या यंत्राने एकदाच, एकाच बाजूने, किणकिण केली. दुसऱ्या बाजूने फिरवलं तर नुसती लोखंडाची घरघर. खिळा असेल म्हणून पुढे गेलो. आजोबा माझ्यामागून दहा पावलांवर होते. ते थांबले. तबकडी आडवी, उभी, मग गोल फिरून तिरपी. फावड्याने एक चौकोन कापला, ढेकूळ उलटं केलं, पिनपॉइंटर (धातूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) लावला, आणि मला बोलावलं.

पातळ, काळपट, किंचित वाकलेलं. राणीचा चेहरा, मानेमागे गुलाबाचं फूल, उलटीकडे ढाल आणि वर १५७३. पहिल्या एलिझाबेथचं सहा पेन्सचं चांदीचं नाणं. जगन्नाथाचा रथ ओढून दमलेल्या माणसाला प्रसाद दुसऱ्याने नेल्यावर कसं वाटेल, तसं मला वाटलं. आणि ते वाटल्याची लाजही वाटली, कारण त्यांनी ते आधी माझ्याच तळहातावर ठेवलं होतं. चारशे पन्नास वर्षांनी त्याला लागलेला पहिला कोरडा हात माझा. चाळिसेक सेकंद.

ढेकळाच्या त्याच बाजूला एक गंजका खिळा होता. खिळ्याने नाणं झाकलं होतं. “दोन आवाज आले की वाईट आवाजावर विश्वास ठेवू नकोस,” आजोबा म्हणाले.

मी विचारलं, हे सरकारजमा होणार का? नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांना ‘ट्रेझर’ म्हणतात ते एकाच ठिकाणी दोन किंवा जास्त असतील तर. मग चौदा दिवसांत कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवायचं, म्युझियमने घेतलं तर बक्षीस, ते रिवाजाने अर्धं शोधणाऱ्याचं, अर्धं मालकाचं. एकटं नाणं सहसा ट्रेझर नाही. तरी ते जागेसकट नोंदवून घेतात; त्यासाठी प्रत्येक भागात एक अधिकारी नेमलेला असतो आणि १९९७ पासून ही योजना चालू आहे. आजोबांनी खड्ड्याची नेमकी जागा फोनमध्ये टिपून घेतली. त्या कुंपणाभोवती आम्ही पुढचे दोन तास सारवलं. दुसरं नाणं नव्हतं.

सूर्य कलला तेव्हा मला ऐंशीच्या वरचा आकडा आला. गोल, भरीव, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज. हातभर नाही, वीतभर खाली. मातीतून जे बाहेर आलं ते आपल्या ढब्बू पैशाहूनही थोराड, हिरवं-तपकिरी, जड. थुंकी लावून पुसायचा मोह आजोबांनी डोळ्यांनीच थोपवला. घासलं की नाणं गेलं. एका बाजूला दाढीवाला माणूस, डावीकडे बघणारा. दुसऱ्या बाजूला त्रिशूळ-ढाल घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन देश, आणि तिच्या पायाखाली साल. एक, नऊ, तीन, आणि मग हिरव्या किटणाची एक पुळी.

“पाचव्या जॉर्जची पेनी,” आजोबा म्हणाले. “पण तेहतीसची असेल तर मला विसरू नकोस.” ते हसले. मी नाही हसलो, कारण मी वाचलेलं होतं. १९३३ मध्ये बँकांकडे पेनी इतक्या पडून होत्या की नव्या पाडायची गरज नव्हती. थोड्याच पाडल्या, सातेक आज ठाऊक आहेत, त्यातल्या काही तर मोठ्या इमारतींच्या पायात पुरण्यासाठीच होत्या. पायात पुरलेलं धन आणि पायाळू माणूस. हे जुळतच होतं.

रात्री खोलीवर काचेच्या ग्लासात शुद्ध पाणी ओतून पेनी बुडवली आणि दिवा जवळ ओढला. दर अर्ध्या तासाने बाहेर काढायची, दात कोरायच्या लाकडी काडीने पुळीची कड हलवायची, परत बुडवायची. साडेदहाला आकड्याच्या डाव्या बाजूची गोलाई दिसली. तीनला डावीकडे गोलाई नसते हे मला कळत होतं. तरी अकरापर्यंत मी काडी चालवली. सहा. १९३६. त्या एका वर्षात १५ कोटींहून जास्त पाडल्या होत्या.

झोपायच्या आधी राजाची बाजू पुसली. कडेने गोल अक्षरं, अर्धी खाल्लेली. शेवटची मात्र शाबूत: ‘इंड इम्प’. लॅटिनमधलं आखूड रूप, अर्थ हिंदुस्थानचा सम्राट. सफोकच्या कुठल्यातरी मजुराच्या फाटक्या खिशातून पडलेल्या पेनीवर आम्ही दोन शब्दांत होतो. खूप वेळ मी दिवा मालवला नाही.

रविवार

सकाळी पाऊस. आजोबांनी दुपारी भेटू म्हटलं, म्हणून सटन हूला गेलो. १९३९ मध्ये एडिथ प्रीटी या बाईंनी आपल्या जमिनीवरचे उंचवटे बेसिल ब्राउन यांच्याकडून खणून घेतले आणि एका टेकाडाखाली २७ मीटर लांबीचं जहाज लागलं. जहाज म्हणजे काय, तर लाकूड सगळं मातीत विरघळलेलं. उरले होते ओळीने गंजलेले लोखंडी खिळे आणि वाळूवर उमटलेला आकार. ब्राउन यांनी खिळे जागचे न हलवता जहाज मोकळं केलं. काल दिवसभर मी यंत्राला सांगत होतो, लोखंड ऐकूच नको.

दुपारी दोन तास रानात. एका दणदणीत आवाजावर फूटभर खणलं तर ट्रेलर जोडायची जाड लोखंडी पिन. हॉक्सनचा हातोडा आठवून मी तिच्याखालीही आणखी फूटभर गेलो. पिवळी माती, गांडूळ, दगड. शेतकरी बांधावर आला होता, त्याला पिन दिली तर तो कालच्या राणीच्या नाण्यापेक्षा जास्त खूष झाला. मार्चपासून शोधत होता म्हणे. सहा अंडी दिली. आजोबा म्हणाले, “बघ, परवानगी मिळाली तुला.” पुन्हा केव्हाही ये, असं शेतकरी खरंच म्हणाला.

परतताना मोटरवेवरच्या थांब्यावर कॉफी घेतली आणि पेनीचा फोटो गावाकडे पुतण्याच्या फोनवर टाकला. दोन मिनिटांत आईचा फोन.

“ह्यो आपलाच की रं दाढीवाला.”

“ओळखतेस त्याला?”

“तुझ्या आज्जीच्या पितळी डब्यात चार हायत असलं. त्येच्यासाठी एवढ्या लांब उकरायला गेलतास?”

फोन ठेवला आणि फोटो आला. ताटलीत ओळीने मांडलेले चार पाव आणे, चिंच लावून लख्ख घासलेले. आजोबांनी बघितले असते तर कपाळाला हात लावला असता. मी फोटो मोठा करून बघत होतो, तेवढ्यात पुन्हा फोन.

“आणि आपल्या पैशावं त्येच्या डोस्क्याला मुकुट हाय बघ. तुझा बोडकाच हाय.”